वरची वही तुझी, खालची माझी

दत्तू, मी चुकीची वही जाळली.

तुझी जाळायची होती, माझी जाळली. आणि तेही घाईगडबडीत नव्हे. परसदारी बंब पेटवला, चप्पल बाजूला काढली, पूर्वेकडं तोंड केलं. पानं सुटी करून टाकली तर नजर जाईल म्हणून अख्खी वही गुंडाळली आणि बंबाच्या नळीत सोडली. न वाचता जाळ म्हणाला होतास ना, मग एका अक्षरावरही डोळा पडू दिला नाही. पडू दिला असता तर हे रामायण झालंच नसतं. आयुष्यात एकदाच दिलेला शब्द इतका काटेकोर पाळला आणि त्यातच फसलो.

पुढचं ऐक. त्या पाण्यानं मी आंघोळ केली. आठ महिने तू जे सोसलंस त्यावर तापलेलं पाणी आहे, या समजुतीनं पहिला तांब्या डोक्यावर घेताना डोळे मिटले. दोन हुंदकेही आले, खोटं कशाला सांगू. आता कळतंय की ते पाणी माझ्याच वहीवर तापलं होतं. आणि माझ्या वहीतली निम्मी पानं म्हणजे भारताचे क्रिकेटचे संघ. मी सलामीच्या जोडीसाठी रडत अंग चोळलं.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. तेराव्याला लोक तुझ्याबद्दल बोलले. कष्टाळू, निर्व्यसनी, मितभाषी. मी मान हलवत होतो आणि हे कुणाबद्दल चाललंय ते कळत नव्हतं. मितभाषी तू घरात. वीजघरात रात्रपाळीला तुझं तोंड टर्बाइनच्या वर ऐकू यायचं.

मला नीट दुःख करता येत नाहीये, दत्तू. करायला बसलो की काहीतरी हसू येण्यासारखं आठवतं, आणि हसलो की लाज वाटते. म्हणून क्रमानं सांगतो. तुला क्रम आवडायचा.

ज्या गुरुवारी तू मला विश्रामबागेतल्या घरी बोलावून घेतलंस, त्या दिवशी मी पाटणहून एसटीनं निघालो तो पोह्यांच्या आशेनं. कऱ्हाडला गाडी बदलली, दोन केळी खाल्ली, अकराला तुझ्या दारात. वहिनींनी पोहे दिले. तू माझी बशी रिकामी होईपर्यंत थांबलास आणि म्हणालास, “वश्या, हादरा बसलाय. मोठा हाय.”

कोयनानगरच्या कॉलनीत उभं आयुष्य काढलेली माणसं आपण. हादरा म्हटलं की आपल्याकडं एकच प्रश्न असतो. मी विचारला. “किती?”

“चार.”

“चार व्हय?” मी पाणी पीत म्हणालो. “चारला भांडी वाजत्यात फक्त. भितीला काय व्हत न्हाई.”

“ही येगळी पट्टी हाय गड्या,” म्हणालास. “हिच्यात चारच्या फुडं आकडाच न्हाई.”

जठराच्या कॅन्सरची चौथी पायरी मला तू अशी सांगितलीस आणि मी तुला भिंतीची खात्री दिली. वहिनी आत गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला झारा वाजायचा थांबला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग दवाखान्यातली ती समुपदेशन करणारी मुलगी. तुझी नात शोभावी एवढी. तिनं तुला सांगितलं, “काका, रोज वीस मिनिटं लिहायचं. मनात येईल ते. थांबायचं नाही, खोडायचं नाही, अक्षर बघायचं नाही. कुणीही वाचणार नाहीये.”

“कुनी वाचनार न्हाई तर लिव्हायचं कशाला?”

“स्वतःसाठी, काका.”

“माजं मला म्हाईत हाय की.”

ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, “आत जे वाटतं ते बाहेर येऊ दे, एवढंच.”

“ते वाटतं त्याचं मीटर कुठं बसवलंय तेवढं दावा,” तू म्हणालास. “रीडिंग घेऊन देतो.”

मी बाजूच्या खुर्चीवर होतो आणि खो खो हसलो. तिथं आणखी चार जण बसले होते, त्यांच्यातलं कुणी हसत नव्हतं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, “लय हसू येतंय न्हवं? मग तू बी लिव्हायचं. येकटा मी न्हाई बसनार शाळेतल्या पोरावानी.”

असा करार झाला. दोनशे पानी दोन वह्या मी आणल्या. कव्हर घालायचं काम अर्थात माझं, कारण चाळीस वर्षं स्टोअरकीपर होतो आणि कव्हर घालणं ही एकच कला मला येते. साखर कारखान्याच्या कॅलेंडरची पानं उलटी करून दोन्ही वह्यांना सारखीच पांढरी कव्हरं घातली. नाव घालू म्हटलं, तर तू नको म्हणालास. “कुनाच्या हाती लागली तर?” दोन्ही वह्या तुझ्या कपाटात राहणार, म्हणजे मी पाटणला विसरून येण्याचा प्रश्न मिटला. आणि ओळखायच्या कशा? तूच ठरवलंस. वरची वही तुझी, खालची माझी.

वरची तुझी, खालची माझी. इतकं सोपं होतं, दत्तू.

तू रोज लिहायचास, मी गुरुवारच्या गुरुवारी. आपण खोलीचं दार लावून टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तू मोबाईलवर वीस मिनिटं लावायचास. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी साहित्यिकच होणार. 'माझा मित्र आजारी आहे' असं एक वाक्य लिहिलं आणि पुढं काही सुचेना. समोर तू खाली मान घालून लिहीतच सुटलेला. परीक्षेत शेजारचा पुरवणी मागतो तेव्हा जी भीती वाटते ती मला वाटली. मग काहीतरी लिहिताना दिसावं म्हणून मी सर्वकालीन भारतीय संघ काढला. पुढच्या गुरुवारी डावखुऱ्यांचा. त्याच्या पुढच्या गुरुवारी ज्यांच्यावर अन्याय झाला अशा खेळाडूंचा. मध्ये मध्ये थांबून छताकडं बघायचो, खोल विचार चाललाय असं वाटावं म्हणून.

तुझ्यात मात्र काहीतरी होत होतं. काय ते मला आजही सांगता येणार नाही. वीस मिनिटं झाली की तू पेनाला टोपण घालायचास आणि तुझे खांदे खाली यायचे. त्यानंतर अर्धी वाटी पेज जायची. एकदा तर तू स्वतःहून लोणच्याची फोड मागितलीस. रोग तसाच होता, रिपोर्ट वाईटच येत होते, मग ते हलकं झालं ते काय? मी ते बघत होतो आणि चौथ्या क्रमांकावर कुणाला खेळवायचं ते ठरवत होतो.

त्या खोलीत आपण भांडलोही. तेच आपलं जुनं, रेडिओचं भांडण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तू नाक मुरडलंस तरी, पुन्हा सांगतो. कॉलनीत बॅचलर क्वार्टरमध्ये आपण एका खोलीत होतो. रात्रपाळी करून तू दुपारचा झोपला होतास. हादरा बसला. मी बाहेर पळालो, काखेत माझा नवा ट्रान्झिस्टर. तू आत, पांघरुणात. थोड्या वेळानं डोळे चोळत तू एकटाच चालत बाहेर आलास. तेव्हापासून कॉलनीच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू सांगायचास, “ह्यो आमचा वसंता. ह्यानं रेडू वाचवला, दोस्त न्हाई.” आणि मी सांगायचो की रेडिओ बाहेर ठेवून मी परत आतच येत होतो, दाराकडं वळलोही होतो, तेवढ्यात हाच बाहेर आला.

“वळला हुतास?” त्या खोलीतही तू विचारलंस. डोक्यावर केस नव्हते, आवाज निम्मा झालेला, पण प्रश्न तोच.

“वळलो हुतो.”

“खरं सांग, रं.”

“शपथ घेऊ का?”

“नगं,” तू म्हणालास. “उगं देवाला कशाला तरास.”

त्यानंतर शेवटच्या गुरुवारी माझ्या हातून काय झालं कुणास ठाऊक. मोबाईलवर वीस मिनिटं लागली आणि मी संघ काढायच्या ऐवजी लिहिलं. खरोखरचं. मी वळलो नव्हतो, असं लिहिलं. जांभळाच्या झाडाखाली उभा राहून मी रेडिओ लागतोय का बघत होतो, कारण सामना चालू होता. तू आत आहेस हे माझ्या लक्षातच नव्हतं, आणि आलं तेव्हा पाय उचलले नाहीत. तीन पानं झाली. हात दुखायला लागला. ठरवलं, पुढच्या गुरुवारी तुला वाचून दाखवायचं.

तू मंगळवारी गेलास.

आणि ती तीन पानं मी बंबात घातली. माझ्या सगळ्या वहीत तेवढंच एक काय ते खरं होतं.

जायच्या आधी महिनाभर तू मला सांगून ठेवलं होतंस. वहिनी दूध आणायला गेल्या होत्या. “वश्या, मी गेलो की माजी वही जाळायची. वाचायची न्हाई. हिला द्यायची न्हाई.”

“वहिनींना का न्हाई?”

“मी भ्यालो हुतो ते तिला कळंल.”

तेव्हा मी मान हलवली. तू डोळे मिटलेस. त्या वेळी हे अगदी सरळ वाटलं होतं.

तेराव्याला मंडळी उठल्यावर वहिनींनी कपाट उघडून दोन्ही वह्या मला दिल्या. तुझं बोलणं त्यांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त पिशवीत वह्या घालता घालता म्हणाल्या, “चाळीस वर्सं ह्यांनी माज्यासंगं दोन वाक्यं धड बोलली न्हाईत भावजी. ह्या वहीसंगं आठ म्हैनं बोललं. मी भाईर बसायची. आता ते बी तुमी घिऊन चालला.”

“त्याचा शब्द आहे वहिनी,” म्हणालो. असं वाक्य माणसानं नाटकात म्हणावं, दाराच्या उंबऱ्यावर नाही.

पिशवीत वह्या बरोबर ठेवलेल्या होत्या. वरची वर, खालची खाली. पण कऱ्हाडला गाडी बदलताना पिशवी हातातून सुटली, आडवी झाली, कंडक्टरनं उचलून दिली. घरी येऊन मी पिशवी उघडली, वरची वही काढली, आणि पुढचं तुला सांगून झालं आहे.

जाळली त्याच दिवशी वहिनींचा फोन आला.

“जाळली का भावजी?”

“व्हय वहिनी.”

“येळ लागला का जळाया?”

“न्हाई. लगेच गेली.”

“लगीच,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. तो शब्द मला पुढं दोन दिवस ऐकू येत होता.

मग गुरुवार उजाडला. सवय अशी की अकरा वाजले आणि हात वहीकडं गेला. समोर तू नव्हतास, पोहे नव्हते, पण वीस मिनिटं बसू म्हटलं. मधलंच एक पान उघडलं आणि तुझं अक्षर. वीजघराच्या लॉगबुकात असायचं तेच. उभ्या रेघा आखलेल्या, वर रकाने. वेळ. वजन. उलटी. आहार. आणि शेवटचा रकाना, भीती.

मीटर तू बसवलं होतंस तर.

मी वाचलं, दत्तू. एक पान. बरं, समोरचंही. 'गुरुवार. वजन सत्तेचाळीस. उलटी एक. पेज अर्धी वाटी. भीती सकाळी जास्त, दुपारी मध्यम. वसंता आला. वीस मिनिटं वहीत क्रिकेटचा संघ काढत बसला. मला दिसत नाही असं त्याला वाटतं. हादरा चालू. वसंता जागेवर. पळाला नाही. पाळी शांत.'

हे वाचून मी वही मिटली आणि परसदारी जाऊन उभा राहिलो. तुला माहीत होतं. सगळे गुरुवार माहीत होतं. मग ‘खरं सांग’ म्हणून का विचारत होतास? तुला त्या रेडिओचं उत्तर हवं होतं, की उत्तर आधीच ठाऊक होतं आणि मलाच मोकळं करायचं होतं? की नुसतीच खोडी? आता कुणाला विचारू? माझी तीन पानं तर धूर होऊन गेली.

शब्द शब्दच, म्हणून दुसऱ्या दिवशी बंब पुन्हा पेटवला. पाणी इतकं उकळलं की शेजारच्या दोन घरांना बादल्या दिल्या. वही हातातच राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारीण म्हणाली, “काका, लगीन हाय का घरात?”

मला सारखं आपलं वीजघर आठवत होतं. एकदा पाण्याच्या पातळीचा आकडा चुकीचा लिहिला गेला होता आणि साहेब यायच्या आत ते पान फाडून टाकू असं मी तुला सुचवलं होतं. स्टोअरकीपरची अक्कल. तू माझ्या हातावर फटका मारलास. “लॉगबुकाचं पान फाडत न्हाईत. चुकलं तर येक रेघ मारायची, खाली सही करायची. पन खालचं वाचता आलं पायजे. फुडच्या पाळीच्या मानसाचा जीव त्येच्यावर असतोय.”

मग तूच सांग. तोंडानं जाळ म्हणालास, आणि हातानं रकाने आखलेस. यातलं कुठलं ऐकू? कुणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, हे त्या मुलीला तूच विचारलं होतंस. मला अजून खात्री नाही मी बरोबर केलं का. पण तुझ्या त्या 'जाळ' या शब्दावर मी एक रेघ मारली, खाली माझी सही केली, आणि सकाळची एसटी पकडली. वही पिशवीत नाही ठेवली. शर्टाच्या आत, पोटाशी धरली.

विश्रामबागेत पोचलो तर वहिनी गच्चीवरून भरल्या बादल्या घेऊन जिना उतरत होत्या. टाकी धुतल्यापासून वरच्या टाकीचं पाणी आठ दिवस खाली येत नव्हतं. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत होता. मी बादली घेतली, अर्धी जिन्यावर सांडली, आणि तिथंच पायरीवर बसून सगळं सांगून टाकलं. बंब, आंघोळ, पिशवी, गुरुवार. दोन पानं वाचली तेही.

त्यांनी वही हातात घेतली. कव्हरावरून हात फिरवला. मला वाटलं पहिलं पान उघडतील. त्यांनी शेवटचं उघडलं.

“फुडच्या पाळीचा मानूस आदी शेवटचं पान बघतो,” त्या म्हणाल्या. “येवडं तरी ऐकलंय मी चाळीस वर्सं.”

त्या बोटानं एकेक ओळ धरून वाचत गेल्या, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या.

'पुढील पाळीस. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह मी उलटा बसवला आहे. उजवीकडे फिरवल्यावर उघडतो. चूक माझी, सांगायचं राहिलं. मोटर दहा मिनिटांच्या वर चालवू नये. मला भीती वाटत होती. तुला दिसू नये म्हणून दार लावत होतो. तू दाराबाहेर बसायचीस ते माहीत होतं, बांगड्या वाजायच्या. त्या वाजल्या की भीती मध्यमवर यायची. वसंता येत राहील. जेवणार का म्हणून विचारू नये, वाढावे.'

खाली सही. सहीखाली तारीख आणि वेळ. तू कसली तारीख चुकवणार.

वहिनी उठल्या. गच्चीवर गेल्या. मी पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं भिंतीतल्या पायपातून खळखळ आवाज आला, आणि खाली मोरीतला उघडा राहिलेला नळ धो धो वाहायला लागला. तो बंद करायला मी धावलो, निम्मा भिजलो. नळ बंद करून वळलो तर वहिनी मोरीच्या दारात उभ्या. वही छातीशी धरलेली, पदर डोळ्यांना, आणि मला काही केल्या कळेना की त्या रडतायत का हसतायत. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

मला मात्र राहवेना. ओल्या शर्टानं तिथंच विचारलं, “पण वहिनी, एवढं सगळं तुमच्यासाठी लिहून ठेवलं होतं, तर मग मला ती जाळायला का सांगितली त्यानं? मला काही सुधरत नाही.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “खरंच जाळायची असती, तर हे काम त्यांनी तुमाला सांगितलं असतं व्हय?”